फरशीला पाय लागला पाहिजे

टार्निट, ६ सप्टेंबर २०२०

सुजितदादा,

जय भीम. 'तीर्थरूप' वगैरे लिहायला आज हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर मी रडते आणि मी रडले की तू 'ओके, शांत हो, मग बोलू' म्हणून ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. मी काय म्हणतेय ते तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. सिडनीच्या त्या क्वारंटाइन हॉटेलात टपाल पोचवतात की नाही कोणास ठाऊक, म्हणून वॉलॉंगॉंगच्या घरीच पाठवतेय. मेधावहिनी न फोडता तुला देईल.

काल तुझा मेसेज आला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द लिहिले असतील. बघते तर बेसबॉल! अमेरिकेतल्या मोठ्या लीगने कोविडमुळे नियम बदलला म्हणे. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली की दहाव्यापासून प्रत्येक टीमचा एक रनर आयता दुसऱ्या बेसवर, म्हणजे अर्ध्या वाटेवर, उभा करायचा. ना त्याने बॅट फिरवली, ना तो पळाला. का, तर मॅच लवकर संपावी आणि माणसं लवकर घरी जावीत. आणि खाली तू लिहितोस, 'व्हेरी सॅड, भावना. खेळाची वाट लावली.'

सॅड! माझी सहा वर्षांची पोर अमरावतीत आईजवळ अडकलीय आणि तुला दुःख कशाचं, तर एक अमेरिकन माणूस फुकटात दुसऱ्या बेसवर गेला याचं.

पोरीला ठेवून आले ही माझीच चूक, असं तू आईला सांगितलंस ते मला कळलंय. म्हणून झालं ते पुन्हा लिहिते, म्हणजे तुला सोयीचं तेवढंच आठवायला नको. डिसेंबरात मी दीक्षाला घेऊन अमरावतीला गेले आणि तीन महिन्यांसाठी आईकडे ठेवून आले. सगळे ठेवतात. माझ्या गल्लीतल्या गुजराती बाईने ठेवला, समोरच्या पंजाब्याने ठेवली. पोरांना आजीचा लळा लागतो, मराठी येते, आणि आपल्या शिफ्टचं जमून जातं. तू आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला फेब्रुवारीत जाणार होतास आणि मार्चअखेर येताना दीक्षाला आणणार होतास. हे ठरलं होतं. तू 'नो वरीज' म्हणाला होतास.

मग बॉर्डर बंद झाली. तू सिटिझन, तुला यायची मुभा. आम्ही टेम्पररी व्हिसावाले, आमच्या पोरीला खास परवानगी हवी. ती नाकारली, परत मागितली, परत नाकारली. ऑगस्टमध्ये तुला दिल्लीहून विमान मिळालं. मी तिचंही तिकीट काढलं. पाया पडून सांगितलं, दादा, तिला दिल्लीपर्यंत ने, परवानगी आज नाही तर उद्या येईल. तू म्हणालास, 'कागद हातात नसताना मी पोरीला कुठेही नेणार नाही. नियम आहे.' तिला आईच्या दारात सोडून तू एकटा निघालास.

तू चेक-इनच्या लायनीत उभा होतास तेव्हा कागद आला. तुझ्या शेजारची खुर्ची सिडनीपर्यंत रिकामी आली. हे तूच मला सांगितलंस, अगदी सहज, पाण्याची बाटली ठेवायला बरं पडलं म्हणून.

मी रोज चाइल्डकेअरला जाते. कामावर जायची परवानगी असलेल्या लोकांची पोरं येतात. त्यांचे बूट काढते, नाकं पुसते, निजवते. घरी येते तेव्हा माझ्या घरात एक लहानशी खुर्ची असते आणि तिच्यावर कोणी नसतं. प्रज्ञेश बस डेपोतून आला की आधी ती खुर्ची भिंतीकडे सरकवतो. मी परत मधे आणून ठेवते. यावरून आमचं भांडण होतं. तुला हे कळावं म्हणून लिहिलं.

भावना

—

टार्निट, २२ नोव्हेंबर २०२०

दादा,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, मुद्द्यामुद्द्यांचं. वर सही. मी काय तुझी युनीची स्टुडंट आहे का, मार्क कापल्याबद्दल तक्रार घेऊन आलेली?

तू लिहितोस, 'मी तेवीस वर्षं अंपायर आहे. अंपायर नियम बनवत नाही, तो पाळतो. मैदानात प्रत्येकाला वाटतं की आपल्यापुरता नियम वाकवावा.' बाप्पा रे! तुझं हे वाक्य मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय.

पाटबंधारे वसाहतीतलं आपलं क्वार्टर आठवतं ना? विद्यापीठाच्या टीमच्या नादाने तू घरी बेसबॉल आणलास. एकच बॅट, ती तुझी, म्हणून नियम तुझे. आम्ही पोरं एक टप्पा आउट खेळायचो, तर तू म्हणालास, छे, हा गल्लीतला प्रकार, खऱ्या बेसबॉलमध्ये नसतो. मग कुठल्याशा जुन्या पुस्तकात तुला सापडलं की अमेरिकेतही सुरुवातीला एक टप्पा घेऊन झेलला तरी आउट द्यायचे. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून तो नियम काढून टाकला. तू दुसऱ्या दिवशी ते आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलंस. आणि तरीही आम्हाला टप्पा आउट दिला नाहीस!

बाबांनी तेव्हा काय म्हटलं होतं? ते ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, 'सुजित, बाबासाहेबांनी घटनेलासुद्धा दुरुस्तीची सोय ठेवलीय. तुझ्या बॅटला का नाही?' सगळी वसाहत हसली होती. तू नाही हसलास.

आणि आपली होमप्लेट. दारापुढची ती कोपरा तुटलेली शहाबादी फरशी. बेसबॉलमध्ये जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं, पाय लागला तरच रन, हे तू मला शिकवलंस. रविवारच्या मॅचमध्ये मी तिन्ही बेस पळून आले, श्वास फुटायला आला होता, समोर फरशी, समोर आई दारात उभी. मी आले, सगळी पोरं ओरडली. आणि तू, माझा सख्खा भाऊ, हात वर करून म्हणालास, 'आउट. पाय लागला नाही.' दुसऱ्या कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. लागला होता. आजही सांगते, लागला होता.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम यंदा झूमवर झाला. मेलबर्नचे सगळे होते, तूही होतास, कॅमेरा बंद करून. वंदना झाल्यावर भास्करकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'दीक्षा अजून तिकडेच?' मी म्हटलं, हो. मग त्यांच्या सौ. म्हणाल्या, 'पण एवढ्या लहान पोरीला ठेवलं कशाला म्हणते मी.' तुझी खिडकी काळीच राहिली. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला असता, की ती माझ्याबरोबर येणार होती, तर तुझा कुठला नियम मोडला असता?

तू या देशात आलास तेव्हा कोर्स संपला की कायम राहायची पीआर हातात पडायची. मी येईपर्यंत नोकऱ्यांची यादी बदलली, पॉइंट वाढले, इंग्लिशचे मार्क वाढले. आठ वर्षं झाली, मी अजून टेम्पररीच. तुझ्या वेळचा नियम तुला लाभला, याचा मला राग नाही. पण तू मला विचारतोस ना, 'तुम्ही लोकांनी वेळेत पीआरचं का नाही बघितलं,' त्याचा आहे. तो दुसऱ्या बेसवरचा आयता रनर तुला आवडत नाही म्हणतोस. आरशात बघ जरा.

दीक्षाचे पुढचे दोन दात पडले. व्हिडिओवर दाखवत होती. इथे असताना मी मराठीत बोलले की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. परवा माझे डोळे बघून म्हणते, 'काऊन रडते वो मम्मी?' आईला ती आता नुसतं आई म्हणते. मी टार्निटची मम्मी.

भावना

—

टार्निट, १३ फेब्रुवारी २०२१

दादा,

आज परत लॉकडाऊन. पाच दिवसांचा म्हणतात. यांचे पाच दिवस मला माहीत आहेत.

हे पत्र भांडायला नाही. मागायला लिहितेय, म्हणून तुला जास्तच राग येईल. येऊ दे.

पहिलीची मुदत संपली होती, आता दीक्षाची परवानगी परत मिळालीय. पण एकट्या लहान मुलाला कुठलीच एअरलाइन घेत नाही. मी आणायला जाऊ शकत नाही, कारण टेम्पररीवाला एकदा बाहेर गेला की आत येता येत नाही. प्रज्ञेशचंही तेच. आम्ही दोघं जाऊन तिच्याजवळ बसलो तर इथलं सगळंच संपलं, व्हिसा, नोकरी, आठ वर्षं. कितीदा वाटतं, संपू दे. बॅगसुद्धा काढली होती जानेवारीत. प्रज्ञेशने ती परत माळ्यावर टाकली.

आपल्या सगळ्यांत जाऊन परत येऊ शकेल असा माणूस एकच आहे. तू.

मी वहिनीला फोन केला होता. ती बिचारी मधल्या मधे. तिने तुझा निरोप सांगितला, की सिटिझनलाही देशाबाहेर जायला परवानगी लागते, ती सहज मिळत नाही, सेमिस्टर सुरू होतंय, आणि परत यायला सीट मिळेल याची खात्री नाही. सगळं खरं आहे. मी खोटं कुठे म्हणतेय? पण तू हे मला स्वतः का नाही सांगितलंस? बायकोच्या आडून बोलायला तू कधी शिकलास?

तूच सांगितलेली गोष्ट तुला सांगते. पूर्वी बेसबॉलमध्ये बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जायला नऊ वाईट चेंडू सोसावे लागायचे. मग आठ झाले, सात झाले, असं होत होत चारावर आलं. तू म्हणाला होतास, का झालं माहितेय? माणसं मैदानात उभी राहून राहून कंटाळली, बघणारे घरी जायला लागले, म्हणून. कोणालातरी दया आली म्हणून नव्हे. आणि डोक्याला चेंडू लागून एक बॅटर मेला, तेव्हा कुठे मळून दिसेनासा झालेला चेंडू बदलायचं शहाणपण आलं. हेल्मेट सक्तीचं व्हायला आणखी पन्नास वर्षं. नियम बदलेपर्यंत कोणीतरी सोसत उभं असतं, दादा. या वेळी ती माझी पोरगी आहे, आणि तिला खेळ काय चाललाय हेही कळत नाही.

ती आता फोनवर यायला कंटाळते. आई ओढून आणते. परवा म्हणाली, 'मम्मी, तू जेवली का,' आणि उत्तर ऐकायच्या आत पळाली. आई म्हणते, पोरं अशीच असतात. मी बारा बारा पोरं सांभाळते रोज, पोरं कशी असतात ते मला कोणी शिकवू नये. पोर परकी व्हायला लागली की आधी नीट वागायला लागते.

जाशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. मुद्दे नकोत.

भावना

—

टार्निट, ४ मे २०२१

दादा,

काय माणूस आहेस तू!

अडीच महिने तुझं उत्तर नाही. मी मनातल्या मनात तुझं नाव टाकलं होतं. प्रज्ञेशला सांगितलं होतं, यापुढे या घरात वॉलॉंगॉंगचा विषय नको. १४ एप्रिलला तू जयंतीचा मेसेज पाठवलास, तोही मी उघडला नाही. आणि आज वहिनीचा फोन येतो की तू पंधरा दिवसांपासून अमरावतीत आहेस.

तीन वेळा तुला बाहेर जायची परवानगी नाकारली, चौथ्यांदा मिळाली, आणि तू मला कळवलं नाहीस. वहिनीला विचारलं, का? तर म्हणे, 'ते म्हणाले, कागद हातात आल्याशिवाय भावनाला सांगायचं नाही.' मग कागद आल्यावर? 'तिकीट हातात आल्याशिवाय नाही.' मग तिकीट आल्यावर? 'दीक्षा हातात आल्याशिवाय नाही.' मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. आईलाही तू गप्प बसवलंस. फोनवर दीक्षाच्या मागे कोणीतरी खोकलं तर आई म्हणाली, रेडिओ आहे.

आणि आता काय झालं? अमरावतीत घराघरात माणसं पडलीत, आणि या सरकारने इंडियाची विमानंच बंद केली. वर कायदा, की तिथून कोणी कसाही वळसा घालून आला तर पाच वर्षं कैद. आपल्याच देशात परत आला म्हणून, स्वतःच्या सिटिझनला! टीव्हीवर तो माणूस सांगत होता आणि मी हातातला चमचा टीव्हीवर फेकला. खरंच फेकला, स्क्रीनला चरा पडलाय. इतर देशांत आजार होता तेव्हा हा नियम कुठे होता? आपल्यावर वेळ आली की बरा यांना नियम सुचतो.

तेवीस वर्षं अंपायरिंग केलेला माणूस, पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा, आणि आज तू होमप्लेटकडे धावलास तर तुरुंगात. तूच सांगितलं होतंस ना, कॅचरने हातात चेंडू नसताना प्लेट अडवायची नाही म्हणून अमेरिकेत नियम केला, माणसांचे पाय मोडल्यावर? मग यांना सांग की जाऊन. अंपायर आहेस ना?

आज आईने व्हिडिओ पाठवला. गच्चीवर तू चेंडू टाकतोयस, दीक्षा कपडे धुवायच्या धोपटण्याने मारतेय. आई खुर्चीवर गुडघा लांब करून फिल्डिंगला. चेंडूने टप्पा घेतला आणि आईने तो पदरात धरला. दीक्षा नाचायला लागली, 'टप्पा पडला, मी नॉट आउट!' आणि आई म्हणाली, 'आउट. एक टप्पा आउट.' दीक्षाने तुझ्याकडे बघितलं. तू किती वेळ विचार केलास. मग म्हणालास, 'आजी बसून खेळत असेल तर टप्पा आउट. नवीन नियम.'

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगणार नाही. तुला नियम बदलता येतो. तुला येत होता. मग माझ्या वेळी काय धाड भरली होती? मी नऊ वर्षांची होते रे.

मास्क लाव. दोन लाव. दीक्षाला खाली खेळायला सोडू नकोस. आईला वाफ दे. आणि तुला काही झालं तर मी तुला कधीही माफ करणार नाही, हे पक्कं लक्षात ठेव. हे पत्र कुरिअरने जातेय. पोचेपर्यंत तुम्ही निघालेले असलात तर फाडून टाकायला आईला सांग.

भावना

—

टार्निट, ३ जून २०२१

दादा,

हे डार्विनला एक्स्प्रेस पोस्टने पाठवतेय. हॉवर्ड स्प्रिंग्सच्या कॅम्पात टपाल केबिनच्या दारात आणून देतात, असं फोनवरच्या बाईने सांगितलं. तुमचे क्वारंटाइनचे दिवस सोमवारी संपतात. त्याआधी मिळायला हवं.

विमानं परत सुरू झाली, दोघांची टेस्ट निगेटिव्ह आली, विमानात घेतलं, उतरलात, हे सगळं दीक्षाने सांगितलं. तू फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलंस. ती म्हणते, मामा रोज व्हरांड्यात तिला जुने नियम सांगतो. एके काळी बॅटर म्हणे चेंडू उंच हवा की खाली ते मागून घ्यायचा आणि तसा त्याला मिळायचा. दीक्षा म्हणाली, 'मम्मी, मी पन मागतो आता.' मी तो, ती, ते सगळं सुधारायला घेतलं आणि मग सोडून दिलं. तिला मागू दे.

आता तुझा मेसेज. 'सोमवारी दुपारी मेलबर्न एअरपोर्ट. अरायव्हलच्या दाराबाहेर दीक्षाला प्रज्ञेशच्या ताब्यात देईन आणि सिडनीची पुढची फ्लाइट पकडेन. व्हिक्टोरियात लॉकडाऊन आहे, घरी व्हिजिटरला मनाई आहे. नियम.'

हे मी स्वयंपाकघरात वाचलं. इतकी चिडले होते की गॅसवर काय आहे ते विसरले. ताब्यात देईन! पोर आहे का पार्सल?

मग मी काय केलं ऐक. तू करतोस तेच. सरकारी पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. व्हिजिटरला मनाई आहे, बरोबर. पण कोणाची काळजी घ्यायला येणाऱ्याला घरात यायची मुभा आहे. केअरगिव्हिंग. मी पंधरा वर्षं इंग्लिश वाचतेय, दोनदा वाचलं, प्रज्ञेशला मोठ्याने वाचून दाखवलं. दीड वर्षाने घरी येणाऱ्या पोरीला या घरातली कोणती खोली आपली ते आठवत नाही. तिला रात्री पाठीवर हात ठेवून झोपवायला आता तूच लागतोस, ते तीच म्हणाली. काल मी विचारलं, घरी आल्यावर काय करू या? तर म्हणते, 'मामा पन येतो ना घरी? नाही तं मी नाही येत.'

माझ्याच घरी यायला माझी पोर अट घालतेय, आणि अट तुझी आहे. तुला कल्पना आहे मला हे लिहिताना काय होतंय? मला तुझा हेवा वाटतो. राग तर आहेच. दोन्ही एकदम वाटतंय आणि त्यात तू सिडनीची फ्लाइट पकडतोस!

तेव्हा मुद्दे काढू नकोस. तू गाडीत बसशील. प्रज्ञेश ड्रायव्हिंग करेल, तिघंही मास्क लावाल, काचा खाली असतील. थंडी आहे, दीक्षाचं जाकीट मी त्याच्याजवळ देतेय, मापाने लहान होईल. पोलिसांनी अडवलं तर दाखवायला मी तो नियम छापून गाडीत ठेवलाय. आणि तो नियम नसता तरी मी तुला बोलावलंच असतं, हेही वाचून घे.

आमच्या दारात शहाबादी नाही. या एस्टेटमधल्या सगळ्या घरांना असतो तसा सिमेंटचा चौकोन आहे. काल मी दीक्षाच्या जुन्या खडूंनी त्यावर एक फरशी काढली आणि एक कोपरा तुटका ठेवला. पाऊस आला तर परत काढेन.

सोमवारी मी दारात उभी असेन, आई उभी असायची तशी. आधी दीक्षाचा पाय टेकेल, मग तुझा. दारापर्यंत यायचं आणि गाडीतूनच हात हलवून जायचं, हे चालणार नाही. तूच शिकवलंस, इतक्या लांबून पळत आलं तरी फरशीला पाय लागला नाही तर रन नाही. विमानातल्या त्या रिकाम्या खुर्चीचं भांडण अजून बाकी आहे, ते आत बसून, जेवून झाल्यावर होईल.

मी खाली वाकून बघणार आहे. पाय लागला नाही तर तुला आउट देईन, आणि परत पळायला लावीन.

भावना